दोन इंच आठ सूत

प्रति,
मा. प्रशिक्षण अधिकारी,
शिवणकला प्रशिक्षण विभाग,
जिल्हा कार्यालय, दुसरा मजला.

विषय : चौकशी अहवालातील निष्कर्ष चार, म्हणजे "दिवंगत शिक्षिकेच्या प्राथमिक गणितातील चुकीमुळे शर्टांचे नुकसान झाले", हे वाक्य काढून टाकण्याबाबत.

संदर्भ : १) सदर चौकशी अहवाल. २) माझा पहिला अर्ज व त्यावर आपल्या कार्यालयाकडून आलेले पाहुण्यांसंबंधीचे पत्र. ३) संगणकावरून केलेली माझी तक्रार. ४) आपल्या दालनात झालेली सुनावणी.

महोदय,

खाली सही करणारा मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा कारागीर, हा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून देत आहे. आधीच्या दोन वेळी मी जे सांगितले ते कागदावर वेगळेच उमटले, म्हणून या वेळी सगळे सुरुवातीपासून लिहितो. अर्ज लांबला आहे. आपल्याला सवड नसेल तर फक्त शेवटचा परिच्छेद वाचावा, मी राग मानणार नाही.

१. माझी पत्नी आपल्या विभागाच्या केंद्रात कापणी शिकवत होती. त्याच केंद्रातली मशीन दुरुस्त करण्याचे काम माझ्याकडे आहे. मागच्या वऱ्हांड्यात, पाण्याच्या टाकीशेजारी, मी मशीन खोलून बसत असे आणि आत तिचा वर्ग चालत असे. मध्ये फक्त एक खिडकी, तिची एक काच फुटलेली. त्यामुळे खाली जे लिहिले आहे त्यातले बरेचसे मी ऐकलेले आहे. शिकलेले नाही. ऐकणे आणि शिकणे यांत केवढे अंतर आहे ते मला सुनावणीत कळले.

२. शिंप्याच्या मोजपट्टीवर एका इंचाचे आठ भाग असतात. त्यातल्या एका भागाला आम्ही सूत म्हणतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, सहा सूत म्हणजे पाऊण इंच. शर्ट कापताना गळ्याच्या घेराचा सहावा भाग काढतात, तेवढी गळ्याची रुंदी धरतात. माझी पत्नी कात्रीला हात लावू देण्याआधी हे सगळे तोंडी करून घेत असे. ती माप सांगायची आणि मुली एका सुरात रीत म्हणून दाखवायच्या, नुसते उत्तर चालत नसे. कोणी पुटपुटले तर ती म्हणायची, "परत बोल, कापडाला ऐकू गेलं नाही." मुली तिच्या पाठीमागे तिला मोजपट्टी म्हणत. ते तिला माहीत होते, आणि मला वाटते आवडतही होते.

ती कधी चुकली नाही असे माझे म्हणणे नाही. माझ्यासाठी कापलेल्या एका शर्टाच्या दोन्ही बाह्या तिने डाव्या हाताच्या कापल्या होत्या. मी तो शर्ट घरात घालत असे आणि ती मला दारात उभे राहू देत नसे. चूक झाली की ती झाकून ठेवायची नाही, पण शेजाऱ्यांना दाखवायचीही नाही. असो. हे लिहिण्याचे कारण एवढेच की मी बायकोचे गोडवे गायला आलेलो नाही.

३. पुढे ती आजारी पडली. आजार गळ्याचा होता. शर्टालाही गळा असतो आणि माणसालाही, आपल्या भाषेत शब्द एकच आहे, त्याला माझा इलाज नाही. कागदोपत्री गोंधळ होऊ नये म्हणून तिच्या गळ्याला मी यापुढे घसा म्हणतो. घसा बसत गेला तशी ती वर्गात कमी बोलू लागली. आधी एका मुलीला जवळ बोलावून कानात माप सांगायची आणि ती मुलगी ते मोठ्याने म्हणायची. मग तेवढाही आवाज राहिला नाही.

आता एक गोष्ट लिहितो, ती माझ्या विरुद्ध जाणारी आहे. मापांचे ॲप वर्गात तिनेच आणू दिले. आपल्या विभागाने ते आधीच पाठवले होते आणि तिने मुलींना ते उघडायला मनाई केली होती. एके दिवशी ती टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसली होती. मुली मापासाठी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. तिने बोलण्यासाठी तोंड उघडले, काही आले नाही, आणि तिने हाताने मोबाईलकडे खूण केली. मी खिडकीतून पाहिले. त्या दिवसापासून वर्गातून आवाज येईनासा झाला. मुली खूश होत्या आणि मी त्यांना दोष देत नाही. काम लवकर होत होते.

४. तिच्या मृत्यूनंतर केंद्राला एका रुग्णालयाच्या रखवालदारांच्या शर्टांचे काम मिळाले. नवी शिक्षिका अजून नेमलेली नव्हती, आजही नाही. मुलींनी ॲपवर मापे काढली. मोठ्या मापाचा गळा साडेसोळा होता. ॲपने सहावा भाग काढला आणि पडद्यावर २.८ दाखवले. ॲपचा हिशेब बरोबर होता. त्याने पावणेतीनला जवळच्या आकड्यावर नेऊन ठेवले, इतकेच. त्यावर माझी काही तक्रार नाही.

मुलींनी २.८ म्हणजे दोन इंच आठ सूत असे वाचले. टिंबाच्या अलीकडे इंच, टिंबाच्या पलीकडे सूत. मोजपट्टीवर दोन इंचांपुढे आठ सूत मोजले की माणूस बरोबर तीनवर जाऊन पोहोचतो. पण कापणाऱ्या एकीलाही तीनचा आकडा दिसला नाही, कारण ती आठ मोजण्यात गुंतली होती. लहान मापांत असाच एकेक सूत वाढला. कॉलर मात्र जुन्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून कापलेल्या, त्या बरोबर होत्या. जोडायला घेतल्यावर एकही कॉलर गळ्याला पुरेना. मोठ्या शर्टांत तर इंचभराहून जास्त फट राहिली. मला मशीनमध्ये बिघाड आहे म्हणून बोलावले गेले. मुलींना वाटले मशीन कापड ओढतेय. मी मशीन तपासले, त्यात काही नव्हते. मी शर्ट पाहिला आणि मलाही काही कळले नाही. कापलेले कापड परत जुळत नाही. त्या शर्टांची आता फरशी पुसायची फडकी झाली आहेत.

५. आपण चौकशी समिती नेमली ते योग्यच होते. समितीने भिंतीवरचा माझ्या पत्नीच्या हातचा तक्ता उतरवून घेतला, ज्याकडे ॲप आल्यापासून मुली पाहत नव्हत्या. त्यावर साडेसोळा गळ्यासमोर २-६ असे लिहिले आहे. याचा अर्थ दोन इंच सहा सूत, म्हणजे पावणेतीन. समितीने ते २.६ असे वाचले, मग मोबाईलवर भागाकार केला, उत्तर आले २.७५, आणि समितीने लिहिले की शिक्षिकेला सहाने भागता येत नव्हते.

म्हणजे मुलींनी टिंबाला सूत समजले आणि समितीने सुताला टिंब समजले. दोन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. त्यातली एक फडक्यांत गेली आणि दुसरी अहवालात राहिली.

मी आपल्या कार्यालयातल्या लिपिकांना एवढेच विचारले होते की, २.६ धरून कापले असते तर गळे लहान झाले असते, इथे तर गळे मोठे झाले आहेत, मग ही चूक त्या तक्त्यामुळे कशी? लिपिकांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "चूक ती चूक. लहान असो नाहीतर मोठी." त्यांच्यापुढे दुसरे लोक उभे होते.

६. यावर मी पहिला अर्ज दिला. तो टाईप करून घ्यायला दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "काका, लिहीत कशाला बसता? बोला, आपोआप उमटतं." मी बोललो. माझा चष्मा घरी राहिला होता, म्हणून उमटलेले न वाचता सही केली. अर्जात पावणेतीन हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे मोबाईलने पाहुणे तीन असे लिहिले होते. काही आठवड्यांनी आपल्या कार्यालयाचे पत्र आले की, अर्जदाराकडे आलेल्या तीन पाहुण्यांच्या सोयीचा विषय या विभागाच्या अखत्यारीत येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे. माझी मुलगी दूरच्या शहरात असते. तिला फोनवर ते पत्र वाचून दाखवले तर ती हसली. मग म्हणाली, "बाबा, सोडा ना आता. आईला कोण विचारतंय?" मी फोन ठेवला. तिचे खरे आहे, आणि म्हणूनच मी सोडत नाही.

७. मग मला सांगण्यात आले की तक्रारी आता संगणकावरूनच घेतात. मी पुन्हा त्याच दुकानात गेलो. तक्रार पाठवण्याआधी संगणकाने विचारले की तुम्ही माणूस आहात हे दाखवण्यासाठी सात आणि आठची बेरीज करा. दुकानदाराने खिशातून मोबाईल काढला, बेरीज केली आणि पंधरा टाकले. संगणकाने आम्हाला माणूस म्हणून मान्य केले. पुढे योग्य माप लिहिण्याची जागा होती. मी २-६ सांगितले. त्या चौकटीत मधली रेघ चालत नाही, फक्त टिंब चालते. दुकानदाराने मला न विचारता टिंब दिले. त्यामुळे माझ्या तक्रारीवर असा शेरा आला की, योग्य माप २.६ असल्याचे अर्जदाराने स्वतःच मान्य केले असून त्यामुळे तक्त्यातील चुकीस दुजोरा मिळतो.

८. तरीही आपण मला सुनावणी दिलीत. त्याबद्दल मी आभारी आहे, हे मनापासून लिहितो. साक्षीदार म्हणून मी केंद्रातल्या चष्मेवाल्या मुलीला घेऊन आलो. ती माझ्या पत्नीची सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. वर्ग एका सुरात रीत म्हणत असे तेव्हा तिचा आवाज नेहमी अर्धे पाऊल पुढे असे, ते मी खिडकीतून कित्येकदा ऐकले होते. माझा विचार साधा होता. आपण तिला विचाराल, ती रीत म्हणून दाखवील, आणि ज्या बाईने हिला शिकवले तिला सहाने भागता येत होते हे आपोआप दिसेल.

दारातल्या शिपायाने आमचे मोबाईल बाहेरच्या ट्रेमध्ये ठेवून घेतले. आपण तिच्याशी चांगले बोललात, बसायला सांगितलेत, पाणी दिलेत. मग विचारलेत, साडेसोळाचा सहावा भाग किती. मी तिच्याकडे पाहत होतो. ती आपल्या डाव्या तळहाताकडे बघत होती आणि उजव्या हाताचा अंगठा त्या रिकाम्या तळहातावर फिरत होता. आपण बराच वेळ थांबलात, घाई केली नाहीत. ती घाबरलेली नव्हती. ती खरोखर शोधत होती, जिथे ठेवले होते तिथे ते नव्हते. मग ती म्हणाली, "सर, मोबाईल मिळेल का?"

नंतर आपण माझ्याकडे वळलात. मी पावणेतीन म्हणालो. आपण विचारलेत, कसे? मी म्हणालो, माझी पत्नी सांगायची. आपण मान खाली घालून काहीतरी लिहिलेत. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट मला वाटले की तुम्हालाच अवघडल्यासारखे झाले. कार्यवृत्तात मात्र असे आले आहे की, साक्षीदार व अर्जदार या दोघांनाही सोपा भागाकार सांगता आला नाही, यावरून दिवंगत शिक्षिकेच्या अध्यापनातील उणीव स्पष्ट होते. जे वाक्य काढायला मी आलो होतो ते आता दोन वाक्यांचे झाले आहे.

९. परत जाताना बसमध्ये ती मुलगी खिडकीशी बसली होती. बस एका चौकात थांबली आणि माझ्या डोक्यात माझ्या पत्नीचा आवाज आला, घसा बसण्याच्या आधीचा. मी मोठ्याने म्हणालो, "सहा दुणे बारा, उरले साडेचार." मुलीने वळून पाहिले. पुढचे आम्ही दोघांनी एकदमच म्हटले, "सहा पाऊण साडेचार. दोन आणि पाऊण, पावणेतीन." समोरच्या बाईने आपली पिशवी जवळ ओढून घेतली. मुलीचे डोळे भरले. ती म्हणाली, "काका, मला येत होतं हो. बाईंना काय वाटेल?" मी म्हणालो, बाईंना आता काही वाटत नाही.

ती अजून केंद्रात येते. मी परवा मशीनला पट्टा घालायला गेलो होतो. तिच्या हातात मोबाईल होता आणि ती पाचाचे निम्मे काढत होती.

१०. आपण सुनावणीत असे म्हणाला होता की, ॲपमुळे माणसांचे गणित कच्चे होते हा सर्वसाधारण प्रश्न आहे, तो आपल्या दालनात सुटणार नाही. मान्य आहे. त्याबद्दल मला जेवढे कळते तेवढेच लिहितो. मशीन वापराने झिजते तसे पडून राहूनही बिघडते. तेल घट्ट होते, चाक फिरेनासे होते. कोरे करकरीत मशीन कपड्याखाली झाकून ठेवलेले मी पाहिले आहे आणि त्याला जागचे हलवायला मला हातोडी घ्यावी लागली आहे. या मुलींचे तसे झाले. त्यांना येत नव्हते असे नाही, फिरवले नाही म्हणून घट्ट झाले. आणि ते फार लवकर झाले, हे मला सगळ्यांत भयंकर वाटते. माझ्या पत्नीने जे बसवायला वर्षे घालवली ते ती मेल्यावर एका हंगामात गेले. ती हयात असतानाच जायला लागले होते, तिने ते स्टुलावर बसून पाहिले असणार. तिला काय वाटले ते मी विचारले नाही. उत्तर द्यायला तिच्याकडे आवाज नव्हता.

माझे म्हणाल तर मी ॲप न वापरताच असा झालो. घरात कुठलाही आकडा आला की मी तिच्याकडे बघायचो. मशीनच्या दात्यांचे माप असो, पडद्याला किती कापड लागेल ते असो, मी तोंड वळवले की उत्तर तयार. तेव्हा मला वाटायचे की आमच्या घरात हिशेब पक्का आहे. हिशेब तिचा होता. आता घरात कोणी नाही तर मी मोबाईलकडे वळतो. तो उत्तर बरोबर देतो. पण कापडाला ऐकू गेले का, असे काही विचारत नाही. म्हणून मुलींना बोल लावायचा मला अधिकार नाही आणि मी लावत नाही. ॲप बंद करा अशीही माझी मागणी नाही. ते होणार नाही, आणि झाले तरी आता शिकवायला कोण आहे?

११. आपल्या लिपिकांकडून मला असे कळले आहे की अहवाल संगणकात कायमचा बंद झाला असून त्यातले अक्षरही बदलता येत नाही. मृत व्यक्तीला बाजू मांडण्याची नोटीस देता येत नाही, आणि तिचा पती या प्रकरणात हितसंबंधित व्यक्ती ठरत नाही. माझा हितसंबंध काय आहे असे एका रकान्यात विचारले होते. मी तो रकाना कोरा सोडला. तिथे बसेल असे काही मला सुचले नाही. केंद्राच्या भिंतीवर लवकरच टिंबांचा छापील तक्ता लागणार आहे हेही कळले. तो बरोबर असेल याबद्दल मला शंका नाही.

१२. तेव्हा माझी विनंती अशी. वाक्य काढता येत असेल तर काढावे. येत नसेल, आणि येणार नाही हे मी धरून चाललो आहे, तर मला पुन्हा एकदा सुनावणीला बोलवावे. साक्षीदार आणणार नाही. मोबाईल घरी ठेवून येईन. गेले काही दिवस मी वऱ्हांड्यात बसून रोज सहावा भाग काढतो आहे, रीतीसकट, जशी ती म्हणून घ्यायची तशी. आपण तेरापासून पुढचा कुठलाही गळा विचारावा, अर्धा, पाव, पाऊण धरून. सतराच्या पुढे मी अजून अडखळतो, तिथे थोडा वेळ द्यावा. मला आले म्हणून तिला येत होते असे सिद्ध होत नाही, हे आपण म्हणण्याआधी मीच लिहून ठेवतो. पण त्या वर्गातून जे जे शिकून गेले त्यांच्यात आता विचारण्यासारखे कोणी राहिलेले नाही, आणि मी तर शिकलोही नव्हतो, खिडकीबाहेर होतो. तरी मला विचारावे.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारा,

(सही)
शिलाई मशीन दुरुस्ती कारागीर,
निष्कर्ष चारमधील दिवंगत शिक्षिकेचा पती

दिनांक : आवक शिक्का पडेल तो धरावा.

सोबत : काही जोडलेले नाही. सर्व कागद आणि तक्ता आपल्याकडेच आहेत.